साठीनंतरची बाग : तुम्ही काय ठेवलंत, काय सोडलंत?

आगरवाडी | १० नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी ६७ वर्षांची. पुण्यात ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि २०१५ साली निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं गुहागर तालुक्यात, सासरच्या घरी येऊन राहिलो. घराला लागून आगर आहे. अठरा माड, पन्नासेक पोफळी, दोन जायफळं, एक रामफळ, आणि मागच्या उतारावर हापूसची चार कलमं. ही कलमं सासऱ्यांनी १९६४च्या पावसाळ्यात लावलेली. २०१९ साली हे गेले. तेव्हापासून आगर मी बघते. शिंपण्यापासून आंबे काढण्यापर्यंत सगळ्याला मदत करणारे वाडीतलेच एक भाऊ आहेत, त्यांच्या जिवावर बघते म्हणणं जास्त खरं.

कलमं वाढत वाढत चाळीस फुटांपर्यंत गेली होती. फळ सगळं शेंड्याला आणि खाली नुसती सावली. मधल्या फांद्यांना ऊनच मिळत नव्हतं. २०२०च्या मे महिन्यात भाऊ आंबे काढून खाली उतरले, बुंध्याला टेकून बसले आणि म्हणाले, "वयनी, फुडल्या वर्साला मी वर जायचो नाय. पाय लटपटतात." ते तेव्हा ६१ वर्षांचे होते, मी ६३. आम्ही दोघं बराच वेळ वर बघत बसलो. वर अजून दोन-अडीचशे फळ होतं आणि झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, पोचत नव्हता.

पुढच्याच महिन्यात, ३ जूनला, निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे आगरंच्या आगरं आडवी झाली. आमच्याकडे त्या मानानं थोडक्यात निभावलं, पण एका कलमाची मोठी फांदी मोडून गोठ्याच्या कौलांवर आली. तेव्हा ठरवलं की आता छाटायचं.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं जुन्या कलमांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत सांगितली आहे, ती इथं अनेकांना ठाऊक असेल. पावसाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुख्य फांद्या बारा-पंधरा फुटांवर कापायच्या. कापलेल्या तोंडांना बोर्डोपेस्ट लावायची, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. इतकी वर्षं सावलीत राहिलेली खोडं अचानक उघडी पडतात, ती उन्हानं करपू नयेत म्हणून त्यांना चुना फासायचा. आणि खोडकिड्यावर सतत लक्ष ठेवायचं, कारण छाटलेल्या झाडावर तो हमखास येतो. मग दोन-तीन वर्षं फळाची आशा करायची नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये चारपैकी दोन कलमं छाटली. यंत्राची करवत पहिल्या फांदीत शिरली तेव्हा मी घरात जाऊन बसले. संध्याकाळी बाहेर आले तर उतारावर दोन ठुटे उभे, आणि जिथं कधी ऊन पाहिलं नव्हतं तिथं, थेट विहिरीच्या काठापर्यंत, ऊन.

त्यातलं एक कलम गेलं. बुंध्याशी भुसा पडत होता, तो मी मुंग्यांचा समजले. भोकात तार घालून अळी काढायला हवी होती, औषधाचा बोळा घालून भोक चिखलानं लिंपायला हवं होतं. ते कळेपर्यंत साल सुटायला लागली होती. हे माझं दुर्लक्ष, आणि मला ते अजून लागतं.

दुसरं मात्र फुटलं, आणि कसं फुटलं! एकेका ठुट्यावर पंचवीस-तीस धुमारे. तांबूस, लुसलुशीत पानं. मी रोज सकाळी चहा घेऊन तिथं जायची. खरं काम तिथून पुढं आहे, हे मला माहीत होतं आणि तरी मी ते केलं नाही. या धुमाऱ्यांची विरळणी करायची असते. प्रत्येक फांदीवर बाहेरच्या दिशेनं जाणारे, सशक्त असे चार-पाच ठेवायचे आणि बाकी सगळे काढून टाकायचे. जुनं कापताना मी रडले होते, पण कापलं. हे कोवळं मात्र कापवेना. मरणाच्या दारातून आलेलं झाड, त्याची एकही फूट कशी मोडायची?

वर्षभरात त्या कलमाचा खराटा झाला. सगळे धुमारे उंच, काटकुळे, एकमेकांच्या सावलीत. एकालाही जोर नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये भाऊंनी कोयता माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमीच काढा, म्हंजे पुना भरू देणार नाय."

आता ज्यासाठी धागा काढला ते सांगते. हे गेल्यावर माझ्या आयुष्यातही असेच धुमारे फुटले होते. लोक मायेनं म्हणायचे, गुंतवून घे. मी गुंतवून घेतलं. भजनी मंडळ, बचतगटाचं आगळ-कोकम, वाडीतल्या मुलांना गणित, ऑनलाइन संस्कृत वर्ग, गावच्या वाचनालयाची समिती, गच्चीवर भाजी, शिवाय हे आगर. म्हातारपण म्हणजे एकेक गोष्ट कमी होत जाणं असं मी समजून होते. माझ्या बाबतीत उलटं झालं. वेळ मोकळा झाला, ऊन आत आलं आणि शंभर गोष्टी एकदम उगवल्या. २०२२च्या गणपतीत मी तापानं आडवी झाले तेव्हा हिशेब मांडला. एकाही गोष्टीत मी पुरती नव्हते. दहावीच्या ज्या दोन मुलींना मी भूमिती शिकवत होते, त्यांची नावंसुद्धा एकमेकींत मिसळत होती.

गणित ठेवलं. वाचनालय ठेवलं. आगर ठेवलं. बाकी सोडलं. भजनी मंडळ सोडणं फार जड गेलं, आवाज अजून चांगला आहे माझा. पण त्या कलमाला या वर्षी जानेवारीत मोहोर आला आणि मे महिन्यात ३१ आंबे मिळाले. भाऊंनी जमिनीवर उभं राहून झेल्यानं काढले.

तर विचारायचंय ते असं. तुमच्या बागेत आणि तुमच्यात, साठीच्या आसपास, तुम्ही काय ठेवलंत आणि काय सोडलंत? आणि दुसरा प्रश्न अगदी व्यवहाराचा. दोन कलमं अजून तशीच चाळीस फुटांवर आहेत. मुलगा म्हणतो, आई, आता कशाला, फळ येईपर्यंत तू ७१ वर्षांची होशील. छाटू की नको? महिना चालू आहे, लवकर ठरवायला हवं.

---

वेलीखाली | १० नोव्हेंबर २०२४

ताई, नमस्कार. मी तासगावकडचा, द्राक्षवाला, वय ६३.

विरळणी हा शब्द वाचला आणि थांबलो. आमच्याकडं या आठवड्यात तेच चाललंय. २५ ऑक्टोबरला गोडी छाटणी झाली, आज सोळावा दिवस. काड्या फुटल्यात, घड दिसायला लागलेत, आणि आता फेलफूट काढायची. म्हणजे ज्या फुटीला घड नाही ती काढून टाकायची. वांझ फूट लई जोमात वाढती, बघायला सगळ्यात देखणी तीच असती. नवीन मजूर बाई आली की तिचा हात तिथंच अडखळतो. पुढं मणी धरले की परत घडातल्या मण्यांची विरळणी. इतकं काढून टाकल्याशिवाय मण्याला फुगवण येत नाही.

पण मला खरड छाटणीबद्दल सांगायचंय. द्राक्षाची वर्षातनं दोनदा छाटणी असती हे सगळ्यांना माहीत असतंय. एप्रिलची खरड, ऑक्टोबरची गोडी. माल ऑक्टोबरच्या छाटणीवर येतो म्हणून लोक तिकडं बघत्यात. खरं तर घड ठरतो तो उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात आतल्या आत घड तयार व्हायला लागतो. त्या दिवसांत ढगाळ राहिलं, डोळ्यावर ऊन पडलं नाही, तर ऑक्टोबरात कितीबी खत-पाणी घाला, काडी वांझच निघती. मे-जूनमध्ये बागेत गेलं तर काहीच दिसत नाही, नुसती पानं. आणि ठरायचं ते तिथंच ठरून गेलेलं असतंय.

माझी पन्नाशी मी फक्त बागेत घातली. वाचन नाही, मित्र नाहीत, मुलाबरोबर औषधाच्या हिशेबापलीकडं बोलणं नाही. २०२१ साली मुलानं कारभार हातात घेतला आणि पहिल्याच वर्षी २००४ची तास-ए-गणेशची बाग उपटली. आमच्याच तालुक्यात शोधलेलं वाण ते, माझ्या हातची लागण. त्यानं नवीन वाण लावलं. हिशेबानं तो बरोबर होता, सतरा वर्षांची बाग, उतारा घटला होता. पण मी दोन आठवडे रानात गेलो नाही. घरात बसलो आणि तेव्हा कळलं की माझ्याकडं दुसरं काही नाही. डोळ्यात घडच धरला नव्हता.

मग एक दिवस पोरगं आलं, म्हणालं, "आण्णा, ओलांडा कसा वळवायचा ते मजुरांना जमंना, तुम्ही चला." रोप सरळ सुतळीवर चढवायचं, तारेपाशी आलं की शेंडा मारायचा, दोन बाजूंना दोन ओलांडे काढायचे. वेलीचं पुढचं सगळं आयुष्य त्या सांगाड्यावर. ते काम आता माझं. गावातल्या दुसऱ्या पोरांच्या नव्या बागांतबी बोलावत्यात. माल काढणं त्यांचं, सांगाडा माझा. याच्यापलीकडं मी काही ठेवलं नाही, आणि या वर्षी संध्याकाळी गावातल्या शाळेच्या वाचनखोलीत जायला लागलोय. तेवढी एक नवी फूट.

कलमं छाटा ताई. ७१ तर होणारच आहे, कलम छाटलं तरी आणि नाही छाटलं तरी.

---

नवीनकुंडी | ११ नोव्हेंबर २०२४

मी ३४ची, पुण्यात फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे इथं बोलायचा अधिकार नाही. पण काकू, तुमची पोस्ट आईला मोठ्यानं वाचून दाखवली. ती पुढच्या वर्षी निवृत्त होते आहे आणि तिनं आत्ताच सात क्लासची चौकशी करून ठेवली आहे. ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली, "नंबर मिळेल का या बाईंचा?"

एक प्रश्न विचारते, चालणार असेल तर. माझ्या मोगऱ्याला दोन वर्षं पानंच पानं आहेत, फूल नाही. खत भरपूर घालते, पाणी रोज.

---

आगरवाडी | ११ नोव्हेंबर २०२४

अगं, इथं सगळ्यांना अधिकार आहे. आईंना सांग, व्यक्तिगत निरोपात लिहिते.

मोगऱ्याचं सोपं आहे. रोजचं पाणी आणि खत यांनी तो पानातच रमला आहे. आता डिसेंबरपासून पाणी तोडत जा, माती चांगली सुकू दे. जानेवारीत छाट, उरलेली पानंही काढून टाक. मग वरची माती सैल करून शेणखत घाल आणि पाणी सुरू कर. कुंडी कडक उन्हात हवी. मार्चपासून कळ्या दिसायला हव्यात.

---

बर्फातलीबाग | १२ नोव्हेंबर २०२४

आगरवाडी ताई, मी मिनेसोटातून लिहिते आहे, वय ६९. बाहेर जमीन गोठायला लागली आहे. कढीपत्त्याच्या तीन कुंड्या सप्टेंबरातच घरात घेतल्या, रात्रीचं तापमान दहा अंशांखाली गेलं की तो पानं टाकतो.

माझा अनुभव विरळणीचा नाही, वाटणीचा आहे. आम्ही २००१ साली हे घर घेतलं तेव्हा मी अंगणात पिओनी लावली. हे झुडूप आपल्याकडे होत नाही, त्याला कडक थंडी लागतेच. लावल्यावर दोन-तीन वर्षं ती फुलत नाही, पण एकदा जागा मानवली की पन्नास वर्षंही तिथंच जगते. जूनच्या सुरुवातीला जेमतेम दोन आठवडे फुलते, ओंजळीएवढं फूल, आणि पहिल्या जोराच्या पावसात सगळं मातीत. आमच्या मुलाचा बारावीचा समारंभ, माझ्या आईचं इथलं एकमेव येणं, सगळे फोटो त्या झुडपापुढचे आहेत.

या सप्टेंबरात आम्ही घर विकलं. जिने आता होत नाहीत, बर्फ उपसणं होत नाही. आता अपार्टमेंटमध्ये राहतो आणि तिथं फक्त खिडकी आहे. घर घेणाऱ्यांनी अंगणात फरशी घालायचं ठरवलं होतं. मी आठ दिवस झोपले नाही.

पिओनी हलवायची तर शरद ऋतूतच. मी ती खणून काढली, म्हणजे शेजारच्या मुलानं खणली आणि मी सांगत उभी राहिले. मुळांचा गड्डा केवढा निघाला! धुऊन बघितलं की त्यावर गुलाबी डोळे दिसतात, पुढच्या वर्षीचे कोंब. प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच डोळे येतील असं कापलं. सात तुकडे झाले. सात घरी दिले. एक मराठी मंडळातल्या मैत्रिणीकडे, एक आमच्या टपाल आणणाऱ्या बाईंकडे, एक त्या खणणाऱ्या मुलाच्या आईकडे. प्रत्येकीला बजावलं की डोळे दोन इंचांपेक्षा खोल पुरू नका, नाही तर झाड जगेल पण फुलणार नाही, आणि पहिली दोन वर्षं फुलली नाही तर उपटू नका.

माझ्याकडे काय राहिलं? कढीपत्ता राहिला. आणि जूनमध्ये सात घरी जायचं आमंत्रण. हे सोडणं माझ्याकडून नीट झालं असं मला वाटतं. आयुष्यात बाकी पुष्कळ गोष्टी मी ओढून ओढून तुटेपर्यंत धरल्या आहेत.

---

मातीचेहात | १२ नोव्हेंबर २०२४

मी भौतिकोपचार करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या साठीपुढच्या निम्म्या लोकांचं दुखणं बागेतून आलेलं असतं. धागा वेगळ्या वाटेनं चालला आहे, तरी ज्यांना बाग ठेवायची आहे त्यांच्यासाठी हे लिहिते, कारण ठेवायची म्हणजे शरीरानं ठेवायची.

उकिडवं बसणं आधी सोडा. विळा-खुरपं घेऊन तासभर उकिडवं बसल्यावर गुडघ्यावर जो भार येतो तो चालण्याच्या कितीतरी पट असतो. वाफा दोन-अडीच फूट उंच करून घ्या, विटांचा किंवा जांभ्याचा, हात पलीकडे पोचेल इतकाच रुंद. मग स्टुलावर बसून काम होतं. मोठ्या कुंड्या उचलू नका, चाकांच्या पाटावर ठेवा. माती भरताना निम्मा कोकोपीट घाला, कुंडी पुष्कळ हलकी होते. पाण्याची बादली उचलण्यापेक्षा ठिबक किंवा पातळ नळी बरी. आणि वीस मिनिटांनी काम बदला. छाटणी झाली की शेंगा सोला, मग पाणी. एकच हालचाल तासभर नको.

धनुर्वाताच्या लसीचा बूस्टर दर दहा वर्षांनी घ्यायचा असतो, हे मोठ्या माणसांच्या ध्यानातच नसतं. कोकणातल्यांनी पावसाळ्यात चिखलात गमबूट घालावेत, लेप्टोस्पायरोसिसच्या तापाच्या भीतीनं. आणि ताई, उतारावरच्या गडग्याच्या दगडांत हात घालायच्या आधी काठी घाला. फुरसं तिथंच असतं.

एक अजून. पडण्याची भीती वाटायला लागली की लोक बागेत जाणंच बंद करतात, आणि मग तोल खरंच जायला लागतो. उबडखाबड जमिनीवर रोज थोडं चालणं हाच तोलाचा व्यायाम आहे. काठी घेऊन जा, पण जा.

---

रानवट | १३ नोव्हेंबर २०२४

मी वरुडचा, संत्र्याच्या मुलखातला, वय ७४. मला थोडं वेगळं सांगायचं आहे.

आमच्याकडे संत्र्याला ताण देतात. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं मलूल होईस्तोवर थांबायचं, मग जानेवारीत पाणी सोडायचं की झाड फुलानं भरतं. मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात ताण आणि मृगाचा पाऊस. ताणाशिवाय झाड नुसतं वाढत राहतं, बहार एकदम येत नाही, हे खरं आहे. तरुणपणी मी हे ज्याला त्याला सांगत असे. मुलांना तर फारच. ताण सोसा, बहार येईल.

पण ताण किती द्यायचा हे जमीन बघून आणि झाड बघून ठरवतात. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. आणि जे झाड थकलं आहे, ज्याच्या फांद्या शेंड्याकडून वाळत चालल्या आहेत, त्याला जाणता माणूस ताण देत नाही. त्याला पाणी देत राहतात, सल म्हणजे वाळलेल्या फांद्या काढतात आणि जे चार फळ येईल ते घेतात. नाही येईल तर नाही. मी माझ्या वडिलांच्या हातची अकरा झाडं अशा वेळी ताण देऊन घालवली. भाव चांगला होता त्या साली.

म्हणून म्हणतो, ताई, तुम्ही विरळणीबद्दल लिहिलं ते पटलं. पण सगळीच कलमं पुन्हा फळाला आणली पाहिजेत हे कोणी ठरवलं? साठ वर्षांचं झाड आहे. त्याला पोपट येत असतील, खारी येत असतील, दुपारी सावली पडत असेल. एक कलम तसंच राहू द्या. सगळ्या म्हातारपणाला काही ना काही करून दाखवायला लावणं मला बरं वाटत नाही. मी स्वतः आता काही करत नाही. सकाळी बागेत खुर्ची टाकून बसतो. मुलं विचारतात, बाबा काय करताय. बसलो आहे. पन्नास वर्षं त्या बागेत मी कधी बसलो नव्हतो.

---

सह्यवेडा | १३ नोव्हेंबर २०२४

बाग नाही माझ्याकडे, रान आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात या पावसाळ्यात कारवी फुलली ती बघून आलो. सात वर्षं नुसती हिरवी असते, आठव्या पावसाळ्यात सगळा डोंगर एकदम जांभळा होतो, मधमाशा तुटून पडतात, बी धरते आणि ते झुडूप मरून जातं. पुढच्या पावसात जुन्या काटक्यांखाली नवी रोपं.

२००८ साली बघितली तेव्हा मी ५६चा होतो आणि धावत वर गेलो. २०१६ ला ६४चा, बायको बरोबर होती. यंदा ७२चा, नातवाचा हात धरून, दोनदा बसत. पुढची २०३२ ला. नातवानं तारीख विचारली. मी म्हटलं पावसाळा सरताना, गणपतीच्या आसपास ये.

---

खिडकीतलीतुळस | १४ नोव्हेंबर २०२४

रानवट काका, तुमचं वाचून लिहायचं धाडस झालं. मी डोंबिवलीची, ५५ वर्षांची. माझी बाग म्हणजे सहा फुटांची गॅलरी. आणि माझे बाबा ८४ वर्षांचे, त्यांना आता आठवत नाही.

आठवत नाही म्हणजे झाडांना पाणी घातलं हे आठवत नाही. सकाळी घालतात, चहा झाला की घालतात, अंघोळीनंतर घालतात. दिवसातून आठ-दहा वेळा. आयुष्यभर गिरणगावातल्या खोलीबाहेर डब्यांतून झाडं लावलेला माणूस, पाणी घालणं हाताला माहीत आहे, आठवणीची गरजच नाही त्याला. पण झाडं मेली. आधी कोरफड कुजली, मग जास्वंद, मग आईनं लावलेला गुलाब. खालच्या मजल्यावरून तक्रार यायची ती वेगळीच. मी मग लपवून ठेवायला लागले. झारी लपवली, नळ बंद केला. बाबा गॅलरीत उभे राहून रिकामा मग घेऊन माझ्याकडे बघायचे. एकदा मी ओरडले त्यांच्यावर. "बाबा, मारताय तुम्ही झाडं!" ते लहान मुलासारखे मागे सरले. तो दिवस मला विसरता येत नाही.

त्या रात्री मी विचार केला की बाबा बदलणार नाहीत, तर झाडं बदलू. जी झाडं पाण्यात जगतात तीच आणली. तळाला भोक नसलेल्या पसरट टबांत अळू लावलं. ब्राह्मी लावली. वाळा लावला. माती वरपर्यंत भरली, म्हणजे नुसता चिखल राहतो, पाणी साठून डास होत नाहीत. लिटरचा मग काढून ठेवला आणि त्याच्या जागी आईच्या देवघरातली छोटी तांब्याची लोटी ठेवली. तुळस मात्र माझ्या खिडकीत उंचावर, त्यांचा हात पोचत नाही तिथं.

आता ते दिवसातून कितीही वेळा घालोत. अळूची पानं सुपाएवढी झाली आहेत. मी गुलाब सोडला, जास्वंद सोडली. हवी तशी बाग सोडली. तुम्ही सगळ्यांनी तुमच्याबद्दल लिहिलंत, मी दुसऱ्याच्या म्हातारपणाबद्दल लिहिते आहे, पण मला वाटतं वाढले असेन तर तेव्हाच थोडी वाढले.

---

आगरवाडी | १७ नोव्हेंबर २०२४

तुळसताई, तुमची पोस्ट मी भाऊंना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, उठून पन्हळीचं पाणी वळवायला गेले. त्यांची आई शेवटी अशीच होती, हे मला नंतर कळलं.

ठरलं. विहिरीकडचं कलम छाटायचं, या बुधवारी माणसं येणार आहेत. या वेळी चुना, पेस्ट, खोडकिड्याचं औषध सगळं आधी आणून ठेवलं आहे आणि बुंध्याशी रोज बघायचं काम माझं. घरामागचं कलम, सासऱ्यांनी सगळ्यात आधी लावलेलं, ते तसंच ठेवायचं. रानवट काका, तुमच्यामुळे. मोडायला आलेली एक फांदी तेवढी काढून टाकू, गोठा वाचावा म्हणून. त्याच्याखाली जांभ्याचा एक कट्टा घालून घेते आहे, अडीच फुटांचा, मातीचेहात ताईंच्या मापानं. बसायलाही होईल आणि आल्या-हळदीचा वाफाही एका बाजूला.

मुलाला कळवलं. तो म्हणाला, मग मी सुट्टी घेऊन येतो, करवत मी धरतो.

---

आगरवाडी | ९ मे २०२५

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून लिहिते. दुसऱ्या कलमाला या वर्षी ११८ आंबे. सगळे जमिनीवरून काढले. विहिरीकडच्या कलमाला मार्चपासून धुमारे आले आहेत, भरपूर. खोडकिड्याचा भुसा एकदा दिसला, त्याच दिवशी भोक शोधून अळी काढली. विरळणी पावसाळ्यानंतर करणार. भूमितीच्या त्या दोघींपैकी एक चिपळूणला शिकते, तिला बोलावलं आहे. धाकटा हात कठोर असतो, ते बरं.

वेलीखाली दादा, तुमच्याकडून मार्चमध्ये आलेली द्राक्षं पोचल्याचं तेव्हाच कळवलं होतं, आज आंब्याची पेटी पाठवली आहे. आढी अजून हिरवी आहे, आठ दिवस पेंढ्यात राहू द्या.

---

नवीनकुंडी | ९ मे २०२५

काकू, मोगरा! काल मोजल्या, ४३ कळ्या. आईनं फक्त दोन क्लास लावले आहेत.

---

खिडकीतलीतुळस | १० मे २०२५

आज अळूची पातळभाजी केली, शेंगदाणे आणि मुळा घालून, आई करायची तशी. बाबा दोनदा मागून जेवले. मग विचारलं, "अळू कुठलं गं हे?"

म्हटलं, गॅलरीतलं, बाबा. तुम्ही पाणी घालून वाढवलेलं.

"मग आज घालायचं राहिलंय," म्हणाले, आणि लोटी घेऊन उठले.